न उघडणारा चाकू: बाकावरच्या नोंदी

१५ जून, रविवार

बाकावर तीन चाकू. तक्रार तिघांचीही एकच: उघडत नाही, नख मोडतं. हातात घेतल्यावर मात्र प्रत्येकाचा ताठपणा वेगळा लागतो.

चाकू १. जुन्या बाजारातून आलेला, दोन टोकांना दोन पाती. बंद लांबी ८८ मिमी. मुठीला म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्या, आत पितळेचं अस्तर, टोकांना जर्मन सिल्व्हरच्या टोप्या. मोठ्या पात्याच्या बुडावर तारा आणि माल्टीज क्रॉस, म्हणजे शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स या चाकू बनवणाऱ्या कंपनीचा शिक्का, आणि 'इंग्लंड' हा शब्द. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यानंतर हा शब्द शेफिल्डच्या मालावर सर्रास दिसू लागला. तेव्हा चाकू त्याआधीचा बहुधा नाही. (शिक्क्याची नक्कलही होते, त्यावर पैज नको.) 'स्टेनलेस' कुठेही कोरलेलं नाही, पातं करडं-काळं पडलंय. साधं कार्बन पोलाद. तेव्हा गंज हा पहिला संशयित.

चाकू २. नवा, एकच पातं, मुठीला हाडाच्या पट्ट्या, टोकाला जर्मन सिल्व्हरची टोपी. बंद लांबी ९२ मिमी. स्वच्छ, गंजाचा ठिपकाही नाही. तरीही तिघांत सगळ्यात अवघड हाच.

चाकू ३. ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा क्रमांक ८, बीच लाकडाची मूठ, ८.५ सेंमी पातं. उन्हाळ्यात व्यवस्थित उघडत होता. पावसाळा लागला आणि अडकला. याला कमानच नाही, त्यामुळे याचं दुखणं उरलेल्या दोघांपेक्षा निराळं.

नोंदींत पुढे येणारे शब्द एकदाच: पात्याचं मुठीतलं जाड टोक ते बूड. बूड ज्यावर फिरतं तो सांध्याचा खिळा. मुठीच्या पाठीवरची पोलादी पट्टी ती कमान; ती बुडाला सतत दाबून धरते आणि म्हणून पातं उघडताना-मिटताना 'खट्' करतं. धारेच्या बाजूला बुडाजवळ जो छोटा उंचवटा असतो ते टेकण. पातं मिटल्यावर ते कमानीवर टेकतं आणि धार कमानीवर आपटत नाही. अडकित्त्याला यातलं काही नसतं, एक रिव्हेट आणि दोन हात. म्हणून अडकित्ता कितीही गंजला तरी तेलाच्या दोन थेंबांत चालू होतो आणि त्याच भरवशावर लोक चाकूतही तेल ओतत राहतात.

१६ जून, सोमवार

आज फक्त मोजणी. तेल नाही, हातोडी नाही.

चाकू जमवणारे ताठपणा एक ते दहा अशा अंदाजी आकड्यांत सांगतात. सात-आठच्या पुढे नख मोडणारा. पण एकाचा पाच दुसऱ्याचा आठ असतो. त्यापेक्षा सामान तोलायचा डिजिटल काटा बरा. मिटलेल्या पात्याचा जो भाग मुठीबाहेर दिसतो, त्यावर नखाच्या खाचेपाशीच, चामड्याचा तुकडा घालून छोटा क्लॅम्प लावला. क्लॅम्पला दोरी, दोरीला काटा, मूठ व्हाइसमध्ये लाकडी फळ्यांच्या मध्ये. ओढ पात्याला काटकोनात. काट्याने दाखवलेला सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. पाच वेळा ओढून मधला आकडा धरला.

चाकू १, मोठं पातं: ४.४ किलो. लहान पातं: १.९ किलो.
चाकू २: ५.२ किलो.

चाकू २ ची खाच खिळ्यापासून फक्त २६ मिमीवर आहे. म्हणजे खिळ्याभोवती लागणारा जोर ५.२ × २६ = साधारण १३५ किलो-मिमी. हीच खाच ३६ मिमीवर असती तर तेवढ्याच कमानीला ३.७५ किलो पुरले असते. खाच बुडाजवळ कोरली की चाकू उगाचच ताठ होतो. दुकानात चाकू निवडताना हे कोणी बघत नाही.

आता खरी परीक्षा: ताठपणा कुठे आहे? पातं हळू उघडत प्रत्येक कोनात हात काय सांगतो ते पाहिलं.

चाकू १ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच जड. मध्येच सोडला तर पातं तिथेच राहतं, ना पुढे ना मागे. खटका जवळजवळ नाहीच. कमान जिंकत असती तर पातं स्वतःहून बसलं असतं. ते बसत नाही, म्हणजे घर्षण कमानीपेक्षा मोठं. दोष सांध्यात.

चाकू २ उलटा. पहिले पाच-सात अंश अतिशय जड, मग एकदम हलका, अर्ध्यावर खट्कन थांबतो, पुन्हा जड, पुन्हा हलका. मिटताना तर सापळ्यासारखा आपटतो. सांधा मोकळा आहे, कमान जास्त आहे. यात तेल घालून पाव किलोही कमी व्हायचा नाही.

हा फरक कळला नाही तर पुढचं सगळं काम वाया. घर्षणाच्या चाकूची कमान घासली तर चाकू ढिला आणि तरीही जड असा दुहेरी बिघडतो. कमानीच्या चाकूला आठवडाभर तेलात ठेवलं तर मूठ तेवढी तेलकट होते.

१७ जून, मंगळवार

चाकू १ हाती घेतला. आधी तो सुरक्षित उघडायला हवा. धारेच्या बाजूला पात्यावर कागदी टेप चिकटवला. आइसक्रीमची लाकडी काडी कडेला तासून पातळ केली, ती खाचेत घालून उचललं. पातं सेंटिमीटरभर वर आल्यावर चामड्याच्या पट्टीत चिमटीने पाठीकडून धरून ओढलं. पक्कड नाही. पकडीचे दात पात्यावर कायमचे उमटतात, आणि कडक पातं पकडीत थोडं जरी आडवं पिळलं तरी टोक तुटतं. नाणंही नको, ते निसटतं आणि हात धारेवर जातो.

दोन पात्यांच्या, एका कमानीच्या चाकूत दोन्ही पाती एकाच वेळी अर्धवट उघडी ठेवायची नाहीत. कमान दोन्हीकडून उचलली जाते आणि मधल्या खिळ्यापाशी तुटू शकते. जुन्या चाकूत तर नक्कीच नको. लहान पातं मिटवूनच मोठ्यावर काम.

सांध्यात भिंगातून पाहिलं: पिवळट-तपकिरी राळेसारखा थर, त्याच्या कडेला हिरवट कीट, आत लालसर गंज. हिरवं ते पितळी अस्तराचं. तेलातली आम्लं पितळेला खातात. पिवळा थर घरातल्या गोड्या तेलाचा दिसतो. करडईचं तेल तर वाळून चिकट राळ होणाऱ्या तेलांपैकीच, त्यापासून रोगण करतात. खोबरेल तसं वाळत नाही, पण खवट होतं आणि २४ अंशांच्या खाली गोठतं. पुण्याच्या डिसेंबरात सांध्यात मेणच. स्वयंपाकाचं कोणतंही तेल चाकूच्या सांध्यात घालू नये ते यासाठी.

राळ विरघळवायला मिनरल टर्पेंटाइन, रंगाच्या दुकानातलं. काचेच्या छोट्या बाटलीत १५ मिमी उंचीपर्यंत ओतलं आणि चाकूचं फक्त सांध्याचं टोक, पातं अर्धं उघडून, आत उभं केलं. सगळा चाकू बुडवायचा नाही. शिंग पाण्यात आणि उष्णतेत वाकतं, म्हणून उकळत्या पाण्याचा घरगुती उपाय इथे बाद. सेल्युलॉइडच्या मुठी असतील तर ॲसिटोन, थिनर जवळही आणू नये, मूठ वितळते.

रात्रभर तसाच. खिडकी उघडी.

१८ जून, बुधवार

बाहेर काढला, मोजला: ४.९ किलो. वाढला!

घाबरायचं कारण नाही. राळ सुटली, तिने धरून ठेवलेला गंजाचा चुरा मोकळा झाला आणि बूड व अस्तराच्या फटीत जाऊन बसला. इथे जोर लावून उघडझाप केली तर तो चुरा पितळेत रुततो. आधी धुऊन काढायचा. डब्ल्यूडी-४० ची नळी सांध्याला लावून दोन्ही बाजूंनी फवारा, खाली पांढरं कापड. मग सावकाश दहा उघडझापी, पुसणं, पुन्हा फवारा. पहिल्या तीन वेळा कापडावर काळं-लाल, चौथ्या-पाचव्यांदा नुसतं करडं, आठव्यांदा जवळपास स्वच्छ. मोजणी: ३.१ किलो.

डब्ल्यूडी-४० धुण्यासाठी उत्तम, वंगण म्हणून तोकडं. पातळ असल्यामुळे टिकत नाही. 'फवारून झालं' म्हणून तिथेच थांबलं तर पंधरा दिवसांत परत तीच तक्रार.

गंज सैल करायला शिवणयंत्राचं तेल दोन थेंब, रात्रभर.

१९ जून, गुरुवार

चाकू ३ थोडक्यात. ओपिनेलमध्ये पातं लाकडाच्या फटीत बसतं आणि लाकूडच त्याला चिमटीत धरतं. हवेतली ओल पिऊन बीच फुगलं, फट आवळली. अडकलेलं पातं बाहेर काढायची फ्रान्सच्या सॅव्हॉय प्रांतातली जुनी युक्ती चालते: पातं कुलूपबंद करणारी फिरती कडी आधी मोकळी करायची, मग मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठाम आपटायचं; धक्क्याने पातं थोडं बाहेर येतं. धार कोणाकडे आहे ते बघून आपटा.

ओव्हन, ऊन, हेअर ड्रायर नको. लाकूड बाहेरून आधी आकसतं आणि मूठ खिळ्यापाशी चिरते. डबा, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, वर जाळी, जाळीवर उघडा चाकू, झाकण बंद. वजन ४७.२ ग्रॅम. वजन स्थिरावेपर्यंत हात लावायचा नाही.

२१ जून, शनिवार

पालख्या शहरात, पेठांतले रस्ते बंद, बाजारहाट सोमवारवर. जे घरी आहे त्यावर काम.

चाकू १ चं पातं मिटताना किंचित डावीकडे झुकतं. बुडाच्या दोन्ही बाजूंना काळ्या मार्करने रंगवलं, वीस उघडझापी. उजवीकडची शाई जशीच्या तशी, डावीकडे खिळ्याच्या वर चंद्रकोरीएवढा भाग घासून चकचकीत. म्हणजे डावं अस्तर तिथे आत ढकललं गेलंय. टोपीवर बारीक ठोक्याची खूणही आहे. कोणीतरी कधी सांधा घट्ट करायला हातोडी चालवली असणार.

यावर सांध्यात व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची खरखरीत पेस्ट) घालून फिरवत राहायचा सल्ला हमखास मिळतो. नको. ती पेस्ट पितळेत रुतून बसते आणि पुढे कायम कानस चालवल्यासारखी खिळा खाते. पितळ चकाकवायच्या पॉलिशचंही तेच, कमी प्रमाणात. पेन्सिलीच्या शिशाची भुकटी कोरड्या हवेत चालते, पण दमटपणात ग्राफाइट आणि पोलाद यांचं जमत नाही, गंज वाढतो. पावसाळ्यात नकोच.

इथे केलं ते असं: ०.०५ मिमी जाडीची शिम पट्टी (फटीत सरकवायचा धातूचा पातळ पत्रा), तेल लावून, डाव्या फटीत सरकवली आणि पातं अर्धं उघडून दोन्ही बाजूंना अगदी थोडं हलवलं, दहा-बारा वेळा. पट्टी आधी अडकत होती, मग सरकू लागली. शाईची परीक्षा पुन्हा: घासलेला भाग अर्ध्याहून लहान. मोजणी २.३ किलो, खटका ऐकू येतो.

इथेच थांबायचं. चाकू खोलून अस्तर सरळ करता येईल, पण जुन्या चाकूचे खिळे एकदा काढले की तो पुन्हा तसा दिसत नाही. २.३ किलोसाठी तो सौदा परवडत नाही. पात्यावरचा काळा थरही राहू दिला. तो गंज नाही, उलट गंजाला थोडी आडकाठीच करतो. फक्त लाल ठिपके तेल आणि बारीक स्टील वूलने.

२३ जून, सोमवार

खरेदी. बोहरी आळीतून १.५ मिमी पिन पंच (खिळा ठोकून बाहेर काढायची सळई), २ मिमी ड्रिल चार नग, ६०० ते २००० पर्यंतचे पॉलिश पेपर, २ मिमी पितळी तार. नाना पेठेतून नवा फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पानांची जुडी). सगळ्यात पातळ पान ०.०५ मिमी. तपकीर गल्लीतून सर्किट बोर्ड कोरायला लागणारं फेरिक क्लोराइड, छोटी बाटली. वेल्डिंगच्या दुकानातून ३०८एल ची २ मिमी टिग रॉड (वेल्डिंगची स्टेनलेस सळई), चाकू २ च्या सांध्याच्या खिळ्यासाठी. जर्मन सिल्व्हरच्या टोपीत पितळी खिळा पिवळा ठिपका दिसतो, स्टेनलेसचा खिळा रंगात मिसळतो.

२४ जून, मंगळवार

चाकू २ खोलायचा की नाही? न खोलता करता येण्यासारखं दोनच: खाच खोल करणं, किंवा मुठीला अर्धचंद्र कापून पातं चिमटीत धरता येईल असं करणं. दुसरा उपाय चांगला आहे, कमानीला हात लागत नाही. पण हाडाच्या पट्टीला तिथेच चीर जाण्याची भीती, आणि चाकू मिटताना आपटतो ते तसंच राहतं. खोलायचा.

कमान वारंवार ओढून 'सैल पडेल' ही आशा सोडावी. पाणी दिलेलं (तापवून, विझवून कडक केलेलं) पोलाद लवचीक मर्यादेच्या आत कितीही वेळा वाकवलं तरी परत येतं. नवे चाकू वापराने थोडे हलके होतात ते बुडाचे आणि कमानीच्या टोकाचे ओरखडे गुळगुळीत झाल्यामुळे.

टोपीतला खिळा दिसत नाही, इतका सपाट घासलेला. टोपी १००० च्या कागदाने घासून फेरिक क्लोराइडचा एक थेंब काडीने लावला. अर्ध्या मिनिटात बारीक वर्तुळ उमटलं. लगेच पाण्याने धुऊन खाण्याचा सोडा लावला, नाहीतर पातंही कोरलं जातं. हातमोजे, आणि बेसिनवर डाग पडला तर जात नाही.

२५ जून, बुधवार

खोलला. वर्तुळाच्या मध्यावर सेंटर पंच, १.८ मिमी ड्रिल, फक्त १ मिमी खोल, डोकं कापण्यापुरतं. खाली भोक पाडलेला सागाचा ठोकळा, वरून १.५ पंच, हलके ठोके. खिळा चौथ्या ठोक्याला निघाला. कमानीचे दोन खिळे हाडातून जातात. तिथे ड्रिल हाताने चिमटीत फिरवला, यंत्र नाही. हाडाच्या पट्ट्या अस्तरावर वेगळ्या बारीक खिळ्यांनी बसलेल्या असतात, त्या काढायची गरज पडत नाही.

आतली मापं: कमानीची जाडी मधल्या खिळ्यापाशी ३.४ मिमी, टोकाकडे निमुळती २.५. पातं काढून कमान अस्तरात तात्पुरती बसवली तर तिचं टोक मुठीच्या पाठीपेक्षा १.२ मिमी आत जातं. हा आधीचा ताण. पातं उघडताना बुडाचा कोपरा तिला पाठीच्या वर ०.९ मिमी उचलतो. म्हणजे सगळ्यात जड क्षणी कमान २.१ मिमी वाकलेली असते.

बुडावर आणि कमानीच्या टोकावर ग्राइंडरचे आडवे ओरखडे, नखाला लागतील इतके. कोपरे धारदार.

२६ जून, गुरुवार

ओपिनेल ४५.९ ग्रॅम, कालही तेवढाच होता. पातं सुटलं. फिरती कडी सरक्लिप प्लायरने (कड्या फाकवायच्या पकडीने) जेमतेम फाकवून काढली (जास्त फाकवली तर ढिली पडते). पॉलिश पेपर २४० लोखंडी पट्टीला दुमडून फटीच्या दोन्ही भिंती घासल्या. मार्करने पातं रंगवून जिथे शाई लाकडाला लागते तिथेच. लाकडाच्या ताज्या भिंतीला डबल बॉइल्ड अळशीचं तेल, पातळ हात, पुसून. चोवीस तासांनी दुसरा हात. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून टाकायच्या नाहीत. अळशीचं तेल वाळताना तापतं, चोळामोळा चिंधी आपोआप पेटू शकते. पाण्यात भिजवून पसरून वाळवल्या.

२७ जून, शुक्रवार

कमान पातळ करायची. हिशोब असा की पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी ३.४ ची ३.२ केली तर (३.२ ÷ ३.४) चा घन ०.८३, म्हणजे जाडी सहा टक्क्यांनी घटवली की जोर सतरा टक्क्यांनी घटतो. ३.० केली तर ०.६९. २.८ केली तर ०.५६, आणि चाकू बुळा. रुंदी कमी केली असती तर घट सरळ प्रमाणात, पण मग कमान अस्तरांत खुळखुळते.

कुठून घासायची हे जाडीइतकंच महत्त्वाचं. बाहेरच्या, पाठीच्या बाजूने घासली तर कमान मुठीत खाली बसते, बोटाला खळगा लागतो. आतल्या बाजूने, मधल्या खिळ्यापासून टोकाच्या ६ मिमी अलीकडेपर्यंत. टोकाचा दाबणारा भाग सोडायचा, तो कमी झाला की मिटल्यावर, अर्ध्यावर आणि उघडल्यावर पाठ एका पातळीत येत नाही. टेकण जिथे आपटतं तेही सोडायचं.

बेंच ग्राइंडर लांब ठेवला. कमानीचं पाणी साधारण ३०० अंशांवर, निळ्या रंगापर्यंत उतरवलेलं असतं; चाकावर त्यापुढे तापली की ती नुसती पट्टी उरते, वाकेल आणि परत येणार नाही. सपाट फरशीवर २२० चा कागद, कमान बोटाने दाबून, दर वीस घासांनी पाण्यात. सावकाश होतं, होऊ दे. घासायची दिशा लांबीच्या दिशेने. आडवे ओरखडे राहिले तर भेग तिथूनच सुरू होते.

०.१ मिमी उतरवलं की तात्पुरती जोडणी: २ मिमी ड्रिलच्या दांड्या भोकात बसतात, खिळ्यांचं काम करतात, ठोकायची गरज नाही. ३.२ मिमीवर ४.५ किलो. हिशोबाने ४.३ यायला हवे होते. टोकाचा भाग न घासल्याचा हा फरक.

२८ जून, शनिवार

३.० मिमी. काटा ३.८ किलो. इथे कमान थांबवली. उरलेलं बुडातून काढायचं.

बुडाचा आणि कमानीच्या टोकाचा चेहरा ६००, १०००, २००० असा, कागद काचेवर, कडा गोल होऊ न देता. मग मिटलेल्या बाजूचा तो एक कोपरा, जो कमानीला ०.९ मिमी उचलतो, तेवढाच बारीक कानशीने जरा गोल केला. उचल ०.६ वर आली. म्हणजे सर्वाधिक वाकणं २.१ ऐवजी १.८ मिमी, जोर आणखी चौदा टक्के कमी. प्रत्यक्ष काटा ३.३ किलो. हिशोब आणि काटा इतके जुळले की आधी काटाच तपासला.

सपाट भागांना कानस लागली नाही हे तिन्ही स्थितींत पट्टी लावून पाहिलं. टेकणालाही हात नाही. ते घासलं तर पातं मुठीत खोल जातं, खाच अर्धी झाकली जाते आणि धार कमानीवर आपटते. ताठ चाकू सुधारायला निघालेल्यांचा हा ठरलेला अपघात.

३० जून, सोमवार

जोडणी. कमानीचे खिळे पितळी, सांध्याचा ३०८एल. दोन्ही बाजूंना ०.८ मिमी बाहेर. टोपीच्या भोकाला निमुळता रीमर (भोक रुंदावणारं हत्यार) बाहेरून हलका फिरवला, डोकं त्यात पसरून बसतं. बूड आणि अस्तराच्या मध्ये फिलर गेजचं ०.०५ चं पान, एका बाजूला. छोट्या हातोडीच्या गोल तोंडाने बारीक ठोके, चार या बाजूने, चार त्या. पान ओढून काढलं.

काटा: ४.६ किलो. परवाचे ३.३ गेले कुठे? पातं मध्येच राहतं, म्हणजे आता घर्षण. चाकू २ चा चाकू १ झाला. स्टेनलेस ठोकताना कडक होत जातं, तेव्हा शेवटचे ठोके डोकं पसरवत नाहीत, खिळाच मध्ये फुगवतात. आणि पान एकाच बाजूला होतं, दुसरीकडे बूड अस्तराला चिकटलं.

१ जुलै, मंगळवार

खिळा कापून काढला. मधोमध २.०८ मिमी फुगलेला. नवा तुकडा आधी लाल करून हवेत थंड केला, मऊ पडला. बुडाच्या भोकात सहज फिरतो याची खात्री. या वेळी दोन्ही बाजूंना ०.०५ चं पान (जुन्या गेजमधून दुसरं). ठोके मोजून, बाजूला सोळा, दर चौथ्याला पातं हलवून. मध्यंतरी पानं ओढून पाहिली, जड पण सरकतात, तेव्हा थांबलो. डोकं सपाट घासलं, १००० पर्यंत पॉलिश. पात्याला आडवा खेळ बोटाला लागत नाही.

काटा ३.४. धुऊन, लिक्विड पॅराफिनचे दोन थेंब, पन्नास उघडझापींनंतर ३.२ किलो. हे औषधाच्या दुकानात मिळतं, राळ होत नाही, आणि फळ कापायचा चाकू असेल तर पोटात गेलं तरी चालतं.

४ जुलै, शुक्रवार

तीन दिवसांनी फेरमोजणी, मधले दोन दिवस झड.

चाकू १: २.४. सांध्याच्या कडेला फिकट तपकिरी ओल, पुसली, एक थेंब तेल. पावसाळाभर दर आठवड्याला.
चाकू २: ३.२, तसाच. मिटताना आवाज आहे पण आपटणं गेलं. पितळी खिळ्यांपाशी हाडाला चीर नाही, भिंगातून पाहिलं.
चाकू ३: ४६.३ ग्रॅम, पातं एका हाताने उघडतं. लाकूड पुन्हा थोडं फुगलंय पण फट पुरेशी. फिरती कडी बसवताना एक फेर घट्ट लागते. सरक्लिप प्लायरने परत काढून तिच्या आतल्या कडेची बर (धातूची बारीक उभी राहिलेली कोर) ६०० च्या कागदाने काढायची आहे.